जयवंताच्या जागेवर नलू

आमगव्हाणच्या शाळेत दाराच्या उजव्या हाताला एक जागा होती. तिथे बसलं की गणित येतं, असं गावातली मुलं मानायची. ती जागा जयवंता ताकसांडेची. जयवंता वारली तेव्हा तिची धाकटी बहीण नलू जेमतेम चालायला-बोलायला लागली होती. पुढे नलू शाळेत आली आणि सगळ्यांनी मिळून तिला त्याच जागेवर बसवलं. मला सांगायचं आहे ते नलूबद्दल, पण जयवंताला वगळून ते सांगता येत नाही.

आमगव्हाण वडनेरहून आत, बैलबंडीच्या वाटेवर. शाळा जिल्हा परिषदेची: दोन खोल्या, वर कवेलू, पुढे छपरी. वर्ग पहिली ते चौथी आणि शिकवणारे दोघं. प्रभाकरराव हेडमास्तर, आणि त्र्याहत्तर साली रुजू झालेली मी. जूनमध्ये वर्ग भरलेला असे. दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला की अर्धी मुलं वेचणीला जात, कोणी स्वतःच्या वावरात, कोणी दुसऱ्याच्या. परत येत तोवर पाढे विसरलेले असत. चौथीची केंद्र परीक्षा वडनेरला व्हायची, आणि गणितात आमची शाळा दरवर्षी खाली. प्रभाकरराव म्हणत, "आपली शाळा जिल्हा परिषदेची नाही बाई, कापसाची आहे."

मुलं बसायची कशी, तेही सांगायला हवं. टाटपट्ट्या कधी पुरल्या नाहीत. गावातली, म्हणजे शेतकऱ्यांच्या घरची मुलं फळ्याजवळ पट्ट्यांवर बसत. नाल्याकाठच्या वस्तीतली मुलं घरून पोतं घेऊन येत आणि दाराजवळ अंथरत. ही वस्ती बौद्धांची. तिथे बसा असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि कोणी सांगितलेलं नव्हतं म्हणूनच ते मोडणं अवघड होतं. मी एकदा सगळ्यांना पुढे बोलावलं. आली. मधली सुट्टी झाली आणि जो तो आपल्या पोत्यावर परत.

जयवंता त्या दाराजवळच्यांतली. सुकलेल्या काडीसारखी पोरगी. हिशेब करताना एक डोळा बारीक करायची आणि बोटाच्या पेराने दाराच्या चौकटीवर टिकटिक वाजवायची. प्रश्न संपायच्या आत टिकटिक थांबायची आणि उत्तर यायचं. प्रभाकररावांनी ठरवूनच टाकलं होतं की चौथीला ही केंद्रात पहिली येणार, आणि मग पाचवीला वडनेरला जाणार. नाल्याकाठची एकही मुलगी तोवर वडनेरला शिकायला गेली नव्हती. तिचा बाप कवडू, गावच्या महादेवरावांकडे सालगडी, तोही हे मनाशी धरून होता.

पंच्याहत्तरच्या भादव्यात तिला हिवताप झाला. तो डोक्यात गेला. बंडीत घालून हिंगणघाटला नेलं, पण ती परत आली नाही.

तिचं पोतं दाराजवळ तसंच राहिलं. मी उचललं नाही, प्रभाकररावांनी उचललं नाही आणि तिच्या सोबतिणी तर त्याच्याकडे बघतही नव्हत्या. एक दिवस महादेवरावांचा ओमप्रकाश उशिरा आला. चाचणी सुरू झाली होती, पट्टीवर जागा नव्हती. तो सरळ त्या पोत्यावर जाऊन बसला. ओमप्रकाश म्हणजे वर्गात गणितात सगळ्यांत कच्चा. त्या दिवशी त्याची सगळी उदाहरणं बरोबर आली.

आता याचं कारण मला माहीत होतं. जयवंताच्या सोबतिणी अनुसया आणि लीला त्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. त्यांना जयवंतानेच शिकवलेलं होतं आणि ओमप्रकाशची नजर चांगली होती. पण मुलांनी वेगळंच कारण धरलं. दुसऱ्या चाचणीला चार जण त्या पोत्यासाठी भांडले. मग असं झालं की ज्यांना बसायला मिळालं नाही ते हात लावून जात. कोणी पेन्सिल घासून जाई. एकाने तर बोट लावून ते चोखलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आतमंदी गेलं पाह्यजे ना बाई."

त्या जागेच्या ओढीने गावातली मुलं दाराकडे सरकली. पट्ट्याही दाराकडे सरकल्या. वर्षभरात अशी स्थिती झाली की कोण गावातलं आणि कोण नाल्याकाठचं, ते बसण्यावरून कळेना. मला जे जमलं नव्हतं ते मेलेल्या मुलीने केलं होतं. शेजारी बसली म्हणून मुलं एकमेकांना विचारू लागली, आणि विचारू लागली म्हणून त्यांना येऊ लागलं. त्या वर्षी केंद्र परीक्षेत आमचा एकही मुलगा गणितात नापास झाला नाही. प्रभाकररावांना वडनेरला टाळ्या मिळाल्या.

मुलं म्हणत, उदाहरणं सोडवताना चौकटीतून टिकटिक ऐकू येते. मीही ती ऐकली आहे. जुनं सागवान उन्हात वाळताना आवाज करतं, हे मला ठाऊक आहे. ते नेमकं भागाकाराच्या वेळीच का वाळावं, ते मात्र ठाऊक नाही. दुपारी वर्ग गप्प असला, सगळ्या माना पाटीवर वाकलेल्या असल्या, की तो आवाज येई. मग मुलं एकमेकांकडे बघून हळूच हसत, आणि माझ्या अंगावर काटा येई.

महादेवरावांच्या घरून परीक्षेच्या दिवशी त्या जागेपुढे फोडायला नारळ आला आणि गोष्ट कवडूच्या कानावर गेली. तो कामावरून तसाच शाळेत आला. पायरीखाली उभा राहून, आवाज न चढवता बोलला.

"आमी छपन सालीच देव टाकले, गुरुजी. आता तुमी माह्याच पोरीले देव करून राह्यले?"

प्रभाकरराव म्हणाले की मुलांची श्रद्धा आहे, निकालही चांगला लागतो आहे, यात कोणाचं काय वाईट झालं.  कवडूने पोतं गोळा केलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या जागेभोवती खडूने चौकोन काढला.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये कवडू नलूला घेऊन आला. सोबत तिची आई तानाबाई. नलूच्या अंगात जयवंताचा निळा फ्रॉक होता, दुमडून टाके घातलेला. वेण्याही तशाच, कानाच्या वर बांधलेल्या. मी तिच्याकडे बघतच राहिले. कवडूच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "बाई, हिचं नाव नलू आहे. हिले नलूच राहू द्या. अन् वडनेरच्या पाचवीत पोचवून द्या. माह्यं बाकी काई मांगनं नाई."  तानाबाई दाराजवळच्या त्या चौकोनाकडे बघत होती.

मी नलूला पुढच्या पट्टीवर बसवलं. मधल्या सुट्टीनंतर येऊन बघते तर ती चौकोनात. गावातल्या मुलींनी हाताला धरून नेऊन बसवलं होतं. त्यांच्यात महादेवरावांची सुलोचना पुढे होती, ओमप्रकाशची धाकटी बहीण, नलूच्याच वर्गातली. मी नलूला उठवलं की ती उठे, आणि माझी पाठ वळली की परत तिथे असे. शेवटी तिनेच मला सांगितलं, "राहू द्या बाई. इथं बरं वाटते."

नलू जयवंतासारखी दिसायची, पण तशी ती मुळीच नव्हती. जयवंता तुटक बोलायची. नलूला बोलायला फार आवडे. वाचन सुरेख. धडा वाचताना आवाज असा लावायची की पहिलीतली मुलंही गप्प होत. गणित मात्र तिला येत नसे. हातच्याचा आकडा ती विसरे, आणि दोन आकडी उत्तर आलं की उलटं लिहून मोकळी होई. तेराचे एकतीस, बाराचे एकवीस. मी समजावलं की तिला समजे, आणि पाटी पुसली की त्याबरोबर तेही पुसलं जाई.

मुलांनी यावरही उपाय काढला होता. नलूचं उत्तर चुकलं की म्हणत, जयवंता मुद्दाम चुकवते आहे, बाईंची परीक्षा पाहते आहे.

नलूला बहीण आठवत होती का, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, तिच्या कडेवरून खाली बघितलेली जमीन आठवते, आणि तिच्या गळ्यातले मिरीच्या दाण्यांसारखे काळे मणी. तेवढंच. मग जरा थांबून म्हणाली की गणित करताना मात्र ती बाजूला येऊन बसते. भीती वाटते का? नाही. "सांगते का काही?" "नाई सांगत. बसते फक्त." हे ती अगदी साधेपणाने बोलली. त्यानंतर माझं लक्ष गेलं, नलू त्या चौकोनात कधी मधोमध बसत नव्हती. एका कडेला बसायची, एका माणसापुरती जागा सोडून.

चौथी आली. नलू केंद्र परीक्षेत पास झाली तर वडनेरला जाणार होती. नाहीतर तिच्या वयाच्या मुली वेचणीला लागत, तशी तीही लागली असती. कवडूने महादेवरावांच्या घरी तसं बोलूनही ठेवलं होतं, की माझी पोरगी यंदा वावरात येणार नाही, शाळेतच राहील. आणि ती राहिली. त्या हिवाळ्यात वर्गात मोजकी मुलं असत, त्यांत नलू रोज. मी तिच्याकडून गणित करून घेतलं, वाटाण्यांवर, काड्यांवर, कवेलूच्या तुकड्यांवर. फाल्गुनात ती काठावर आली होती. घाबरली नाही तर पास होईल, इतपत.

एप्रिलमध्ये, ब्याऐंशी साली, आम्ही त्यांना घेऊन वडनेरला गेलो. पायी, सकाळच्या गार वेळेला. नलूच्या अंगात तोच निळा फ्रॉक, सगळे टाके उसवून खाली सोडलेला. वाटेत एकेकाने येऊन तिच्या हाताला हात लावला. सुलोचनाने दोनदा लावला.

तिथे सगळ्या शाळांची मुलं एका मोठ्या खोलीत बसवली होती, आमची एका रांगेत. नलू पुढे होती. बाहेर उन्हाळा, आत पंखे नसलेली खोली आणि अनोळखी मास्तर. आमची मुलं आकसून गेली होती. मी बाहेर थांबले.

पेपर तिथेच दुपारी तपासत. मुलं कडुनिंबाखाली शिदोरी खात होती, तेवढ्यात मला आणि प्रभाकररावांना आत बोलावणं आलं. तपासणीवर आलेले साहेब वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी आमच्या शाळेचे पेपर समोर पसरून ठेवले होते. एक उदाहरण असं होतं: बागेत शहाण्णव झाडं, आठ रांगा, एका रांगेत किती? आमच्या सगळ्या मुलांनी लिहिलं होतं, एकवीस.

"कॉपी मी पुष्कळ पाहिली आहे," साहेब म्हणाले. "पण हे बघा."

त्यांनी बोट ठेवलं. सुलोचनाच्या पेपरवर बारा लिहिलेलं होतं. रीत बरोबर, भागाकार बरोबर. ते बारा खोडून वर एकवीस. पुढच्या पेपरवर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. बरोबर आलेलं उत्तर मुलांनी आपल्या हाताने खोडून चुकीचं लिहिलं होतं.  शाळेच्या नावाला काळिमा लागणार, सगळी मुलं बाद होणार, हे प्रभाकररावांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

मुलांना आत बोलावलं. साहेबांनी रागावून नाही, पण नीट विचारलं की हे एकवीस कोणी सांगितलं.  मग सुलोचना उठली.

"जयवंतानं."

"जयवंता कोण? उभी राहा."

कोणीच उभं राहिलं नाही. खोलीतल्या दुसऱ्या शाळांचे मास्तर बघू लागले.

"ते इथं नाई साहेब. ते मेली."

एक मास्तर हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "मेली तर तिनं सांगितलं कसं?"

"हिच्या बाजूले बसते ते," सुलोचना म्हणाली आणि तिने नलूकडे हात केला. "आमाले टिकटिक आयकू आली. मंग हिच्या पेपरवर पाह्यलं, तं एकवीस होतं."

नलू उठली. फ्रॉकची कड तिने मुठीत धरली होती. तिने आधी बाजूला बघितलं, जिथे कोणी नव्हतं तिथे, आणि बराच वेळ बघितलं. मी ते बघणं विसरलेली नाही. माणूस निघायच्या आधी घरातल्यांकडे बघतो, तसं ते होतं.

"जयवंतानं नाई सांगितलं," ती म्हणाली. "बाकावर मीच बोट वाजवलं. भेव वाटे म्हणून. एकवीस माह्यं आहे. मले गणित येत नाई."

साहेब म्हणाले, बस बेटा. ती बसली नाही.

"जयवंताचं गणित कधी चुकत नव्हतं," ती म्हणाली. "तिच्या नावावर एकवीस नका लिहू."

 साहेबांनी चष्मा परत लावला, पेपर गोळा केले आणि सांगितलं की आमगव्हाणच्या मुलांची तोंडी परीक्षा घेऊ. एकेकाला समोर उभं करून त्यांनी तशीच उदाहरणं घातली. सुलोचनाने पटापट सोडवली. बाकीच्यांनीही, अडखळत का होईना, सोडवली. त्यांना येत होतं. इतकी वर्षं ते त्यांचं स्वतःचंच होतं. शेवटी नलूची पाळी आली. तिने प्रयत्न केला. तिचं उत्तर चुकलं, साहेबांनी दुसरं विचारलं, तेही चुकलं. तिसरं त्यांनी विचारलं नाही.

बाकी सगळी पास झाली. नलू एकटी राहिली.

परतताना मुलं तिच्यापासून अंतर ठेवून चालत होती. सुलोचना रडत होती आणि म्हणत होती, फसवलं आमाले, इतके दिवस फसवलं. नलू माझ्या बाजूने चालत होती. नाल्यापाशी कवडू उभा होता. प्रभाकररावांनीच त्याला झालेलं सांगितलं. निकाल सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. कवडूने सगळं ऐकून घेतलं. मग नलूच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक साल गेलं तं गेलं," तो म्हणाला. "पोरगी तं वापस आली."

तानाबाई मागे उभी होती. तिने नलूला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी निळा फ्रॉक धुऊन वाळत घातलेला दिसला, आणि त्यानंतर तो कधी कोणाच्या अंगात दिसला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खडूचा चौकोन कोणी काढला नाही. जो काही उरला होता तो झाडताना गेला. आणि मला ज्याची भीती होती तेच झालं: पट्ट्या हळूहळू फळ्याकडे सरकल्या आणि दाराजवळ पुन्हा नाल्याकाठची मुलं, आपापल्या पोत्यांवर. अगदी पूर्वीसारखं नव्हतं. ज्यांना शेजाऱ्याला विचारायची सवय लागली होती ती मुलं उठून विचारायला जात, आणि मी ते चालू देत असे. पण ओढ गेली होती. चौकटीतून आवाजही येईना. मी दुपारी मुद्दाम कान देऊन बसे. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, लाकूड गप्प. प्रभाकरराव त्या वर्षी निवृत्त झाले. जाताना त्यांनी चौकटीला हात लावला, आणि मी बघितलं हे कळल्यावर खोकल्यासारखं केलं.

नलू पुन्हा चौथीत बसली, स्वतःहून लहान मुलांमध्ये. तिला कोणी हात लावून जात नव्हतं. तिचं गणित फारसं सुधारलं नाही, पण उलटं लिहिणं तिने कमी केलं. पुढच्या एप्रिलला ती पास झाली, गणितात अगदी काठावर, वाचनात केंद्रात सगळ्यांत वर. जूनमध्ये वडनेरच्या पाचवीत गेली. नाल्याकाठची पहिली.

चौऱ्याऐंशी साली माझी बदली बोरगाव मेघेला झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी नाल्याकाठी गेले. कवडू अजून वावरातून यायचा होता. नलू वडनेरहून नुकतीच आली होती. पाय धुळीने माखलेले, दप्तर पाठीवर. आम्ही नाल्यावरच्या दगडावर बसलो. ती पाचवीच्या पुस्तकातल्या गोष्टी सांगत होती, मास्तरांच्या नकला करत होती, सुलोचना पुन्हा बोलायला लागली आहे म्हणत होती. मी खूप हसले. मग मी विचारलं, गणित कसं चाललं आहे.

"एकटीनंच करावं लागते," ती म्हणाली.

 पाण्याकडे बघत ती पुढे बोलली.

"ते त्या दिवशीच गेली बाई. मी उभी राह्यली ना वडनेरले, तवाच उठली बाजूची. मले समजलं. मी चूप बसली असती तं राह्यली असती ते."

मला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. की तू बरोबर केलंस, की ते सगळं मनाचं असतं. एवढी वर्षं शिकवून यातलं एकही वाक्य मला खरं वाटेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, मग आता घरी सगळं बरं आहे ना?

तेवढ्यात वस्तीतून तानाबाईची हाक आली. दिवेलागणीच्या वेळेला लांबवर जाते तशी, शेवटचं अक्षर ओढलेली.

"जयवंता!"

मी नलूकडे बघितलं. ती दगडावरून उतरली होती, दप्तर सावरत होती. माझा चेहरा तिला दिसला असणार.

"मायचं मन कशाले तोडू, बाई," ती हळू म्हणाली. "शाळेत मी नलू. घरी मी दोघी होऊन राह्यते."

आणि तिने वस्तीकडे तोंड करून ओ दिली.